साडूनं पाहिलेलं पाणी

ही गोष्ट मी कित्येक वर्षं टाळत आलो. सांगितलीच नाही असं नाही. उलट फार वेळा सांगितली; दुकानात, लग्नाच्या मांडवात, पंगतीत. दर वेळी लोक पोट धरून हसले. पण ती खरी नव्हती. खरी होती ती टाळली. आता डोळ्यांना कमी दिसतं, हात कापतो, आणि ज्या माणसाला हे सांगायला हवं होतं तो राहिला नाही. माझी बायको आहे. तिला वाचता येत नाही, पण नात तिला वाचून दाखवील. दाखवू दे.

जवळा बाजारला माझं बियाणं-खताचं दुकान होतं. आमचं घराणं मेंढरांचं. भावांपेक्षा मी चार वर्ग जास्त शिकलो, म्हणून काठीऐवजी हातात पावतीपुस्तक आलं. नव्वदनंतर आमच्या भागात सोयाबीन पसरलं आणि दुकान जोरात चालू लागलं. कंपन्या तेव्हा दुकानदारांना स्कीम देत. जास्त माल उचलला की भिंतीवरचं घड्याळ, मिक्सर, कधी सूटकेस. दोन हजार साल उलटून गेल्यावर एका वर्षी कंपनीच्या माणसानं सांगितलं, यंदा तुम्हाला समुद्रकाठच्या रिसॉर्टची सहल, तीही दोन जोडप्यांची.

एक जोडपं आम्ही. दुसरं कोण न्यायचं यावर घरात चर्चाच झाली नाही. बायकोची धाकटी बहीण सेनगाव तालुक्यात साखऱ्याला दिली होती. तिच्या संसारात चार दिवस हौसेचे म्हणून आले नव्हते. ती आणि तिचा नवरा, म्हणजे माझा साडू.

साडू शाळेत गेला नव्हता. मेंढरं राखायचा आणि थोडं रान होतं ते कसायचा. पण पंचक्रोशीत त्याला मान होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. तो पाणी पाहायचा. साखऱ्याजवळ ओढा आहे आणि ओढ्यापलीकडं चराई. पावसाळ्यात ओढा भरला की कळप अलीकडं अडकायचे, कधी पलीकडं. पाणी उतरताना नेमकं कधी कळप घालायचा, हे साडू सांगायचा. आधी पाण्याच्या कडेला खुंटी ठोकायचा आणि तंबाखू मळून, खाऊन, थुंकेपर्यंत बसून राहायचा. खुंटी उघडी पडली की पाणी उतरतंय. मग वरच्या अंगाला, म्हणजे ओढा येतो त्या बाजूला, आभाळ पाहायचा, कारण वर पाऊस नसेल तर उतरलेलं पाणी परत चढत नाही. तिसरी गोष्ट परक्या गावच्या पाण्याची. मेंढरं घेऊन लांब गेलं की दर नदी नवी असते. तिथं काठच्या माणसाला विचारायचं आणि तो सांगेल ते मानायचं. "ज्याच्या काठचं पाणी, त्याचा शब्द," असं तो म्हणायचा. स्वतःचा अंदाज काहीही असो, त्या शब्दापुढं तो जात नसे. त्याच्या बापानं, आज्यानं हेच केलं होतं. त्याच्या सांगण्यावरून पाण्यात घातलेलं मेंढरू कधी वाहून गेलं नाही. कळप पाण्यात घालायच्या आधी म्हातारी माणसंसुद्धा त्याच्या तोंडाकडं पाहायची.

परभणीहून कंपनीची बस निघाली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घाट उतरून आम्ही कोकणात पोचलो आणि एका वळणावर समुद्र दिसला. बसमधले बाकीचे दुकानदार ओरडले, शिट्ट्या मारल्या. माझ्या बायकोनं माझं मनगट धरलं.

"अवो, पल्याडच्या काठाला कोनतं गाव हाय?"

"पल्याड काठ नाही."

"काठ न्हाई म्हंजे?"

मेव्हणी मागच्या सीटवरून म्हणाली, "अक्का, काठ न्हाई तं हे पाणी सांडत काहून न्हाई?"

आम्ही हसलो, पण ती हसत नव्हती. साडूनं खिडकीची काच लावून घेतली.

रिसॉर्ट म्हणजे नारळीच्या बागेत पंधरा-वीस कौलारू खोल्या, पुढं वाळू आणि वाळूपुढं ते पाणी. वॉचमननं आल्या आल्या सांगितलं, झाडाखाली बसू नका, नारळ पडतो. झालं. दोघी बहिणी डोक्यावर हात धरून चालायला लागल्या. जेवायला जाताना हात डोक्यावर, येताना हात डोक्यावर. ताटात माशाचं कालवण आलं तर काट्याची भीती. न्हाणीघरात एका नळातून एकदम कढत पाणी आलं तर त्याची भीती. आणि सगळ्यावर तो आवाज. दिवस असो की संध्याकाळ, तो थांबत नव्हता. बायको म्हणाली, "जातं फिरून राह्यलं, पन दळन काही निघत न्हाई." मी हसून घेतलं. खरं सांगायचं तर मलाही त्या आवाजात नीट श्वास घेता येत नव्हता. पण सहल माझी होती, माझ्या दुकानाची होती. मी भ्यायचं नव्हतं.

पहिल्याच संध्याकाळी साडूनं नारळाच्या झावळीचा दांडा मोडून पाण्याच्या कडेला खुंटी ठोकली आणि तंबाखू मळत बसला. मी त्याला जेवायला ओढून नेलं. सकाळी पाहतो तर तो वाळूत वाकून काही शोधत होता.

"काय हरवलं साडू?"

"खुंटी. पाण्यानं नेली का कुनी उपटली, कळंना." मग पाण्याकडं पाहत म्हणाला, "साडूभाऊ, ह्याला वरचं अंगच न्हाई. आभाळ कुठलं पाहावं?"

मी म्हणालो, "आता इथं कोणती मेंढरं उतरवायचीत तुम्हाला? मजा करा." आणि त्याच्या हातातली काठी काढून घेतली. साखऱ्याहून त्यानं ती बरोबर आणली होती. "ही खोलीत ठेवा. लोक हसतील." त्यानं मुकाट्यानं ठेवली.

त्या दिवशी बसनं आम्हाला आसपासचं दाखवलं. एक किल्ला, एक मसाल्याची बाग, काजूचं दुकान. बागेत मिरीचा वेल पाहून मेव्हणी म्हणाली, "आमच्यापेक्षा झाड बरं, दुसऱ्याच्या खांद्यावर चढून मोठं झालं." डॉल्फिन पाहायला होडीनं नेणार होते, पण दोघी बहिणींनी काठावर फतकल मारली आणि उठल्याच नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळ मोकळी होती. रिसॉर्टपासून जरा लांब समुद्रात एक खडकाचा उंचवटा होता. त्यावर कुणा देवाची छोटी घुमटी आणि दोन वाकडी झाडं. आदल्या दिवशी त्याच्या चारी बाजूंनी पाणी होतं. त्या सकाळी पाणी मागं सरलं होतं आणि काठापासून खडकापर्यंत वाळूची वाट उघडी पडली होती. लोक चालत जाऊन येत होते. मी म्हणालो, चला, देवदर्शन होईल, फोटो निघतील. गळ्यात शेजाऱ्याचा कॅमेरा होता. बायकोनं घरचे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून घेतली.

तिघं पुढं निघाले. मी चपलेचा पट्टा ठीक करत मागं राहिलो. तिथं उलट्या होडीला टेकून एक म्हातारा जाळं शिवत बसला होता. त्यानं मला हाक मारली.

"ओ पावणे. थयसर जातास? अर्ध्या तासात माघारी येवा. मागसून पाणी चढतला."

मला शब्द न् शब्द कळला. त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. भरती-ओहोटी मी शाळेच्या पुस्तकात पाठ केली होती, परीक्षेत लिहिली होती. मी त्याला "हो हो" म्हणालो आणि निघालो.

पण पुस्तकातलं पाणी वेगळं आणि अंगातलं पाणी वेगळं. मी ज्या मुलखात वाढलो तिथं पाणी एकदाच येतं. कयाधूला पूर आला आणि उतरला की उतरला. चिखल वाळतो आणि पुढच्या पावसापर्यंत वाळूत झरे खणावे लागतात. समोर माझ्या डोळ्यांदेखत पाणी मागं चाललं होतं. ते अर्ध्या तासात वळून येईल हे माझ्या डोक्याला माहीत होतं, पायांना पटत नव्हतं. आणि आलंच तर विहिरीला पाझर येतो तसं हळूहळू येईल, असं मी धरून चाललो.

खडकावर पोचलो आणि एक वेगळीच गोष्ट घडली. दोघी बहिणींची भीती गेली. तिथं झाडाला नारळ नव्हते, पाय ठेवायला पक्का खडक होता, आणि थोड्या वेळानं बाकीची माणसं परत गेल्यावर बघायला कुणी नव्हतं. बायकोनं डोक्यावरचा पदर सोडला. दोघी घुमटीपुढं बसून माहेरच्या गोष्टी काढायला लागल्या. धपाटे सुटले. मेव्हणीनं माझ्या चालण्याची नक्कल केली, "दाजी पाहा कसे चालून राह्यले, वाळू जनू यांच्याच दुकानातली." बायको हसता हसता आडवी झाली. लग्न झाल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. अर्धा तास झाला हे मला कळत होतं. मनगटावर घड्याळ होतं. मी ते पाहिलं आणि बाही खाली ओढली.

साडू बसला नव्हता. तो खडकाच्या खालच्या अंगाला उतरून काहीतरी चाचपत होता. मला त्यानं हातानं बोलावलं.

"हे पाहा. हितवर ओलं हाय." त्याच्या छातीच्याही वर खडकावर काळपट ओला पट्टा होता आणि त्याला बारीक शिंपल्या चिकटलेल्या. "पाणी हितवर येतं, साडूभाऊ."

"पावसाळ्यातलं असेल. पुलाच्या खांबावर पुराची खूण राहत नाही का?"

"पावसाळ्याचं आजवर ओलं ऱ्हाईल?" तो माझ्याकडं पाहत राहिला. मग त्यानं तो प्रश्न विचारला, जो दर नव्या नदीवर तो विचारत आला होता. "काठच्या मानसाला इचारलं का?"

मी त्या क्षणी खरं सांगू शकलो असतो. सांगितलं असतं तर आम्ही घोटाभर पाण्यातून परत गेलो असतो. पण मग, आधी का नाही सांगितलं, हे आलं असतं. त्या दोघींच्या तोंडावर पुन्हा ती भीती आली असती, आणि ती आणणारा मी ठरलो असतो. आणि मी तर शिकलेला, सहल मिळवलेला, सगळ्यांचा पुढारी.

"विचारलं," मी म्हणालो. "तो म्हातारा जाळं शिवत होता, त्याला विचारलं. दुपारपर्यंत काही भीती नाही म्हणाला."

साडूनं ओल्या पट्ट्यावरून एकदा हात फिरवला. मग हात धोतराला पुसला. "मंग ठीक," तो म्हणाला. काठच्या माणसाचा शब्द आला होता.

मी फोटो काढले. घुमटीपुढं दोघी, झाडाखाली दोघी, मग चौघांचा एक, कॅमेरा दगडावर ठेवून. तो फोटो काढताना मला साडूच्या खांद्यावरून वाळूची वाट दिसली. ती अर्धी झाली होती. तरी मी "हसा" म्हणालो. बटण दाबून धावत जाऊन उभा राहिलो.

साडूनंच हाक दिली. "उठा. सगळं टाका. उठा!"

त्याच्या आवाजानं मेव्हणीच्या हातातला धपाटा पडला. वाटेवर पाणी होतं, थोडंच, घोट्याएवढं. दहा पावलं गेलो तर पिंढरी. वाट मध्ये खोलगट होती, हे जाताना कळलं नव्हतं. साडूनं डोक्याचा पटका सोडला, एक टोक स्वतःच्या कमरेला बांधलं, दोघींच्या मनगटांना एकेक वेढा दिला आणि शेवट माझ्या हातात दिला. "सोडू नका. पाय उचलू नका, घासत चाला. पाण्याकडं पाहू नका, काठावरच्या त्या झाडाकडं पाहा."

पाणी मांडीला आलं. मग कमरेला. लुगड्यांचं ओझं झालं. बायको देवाचं नाव घेत होती, मेव्हणीचे दात वाजत होते. नदी ओलांडताना जाणता माणूस वरच्या अंगाला उभा राहतो आणि धार स्वतःच्या अंगावर घेतो. बाकीचे त्याच्या आडोशानं जातात. साडू तसा डाव्या हाताला उभा राहिला. तेवढ्यात उजवीकडून लाट आली. तो उजवीकडं गेला तर डावीकडून आली. खडकाच्या दोन्ही बाजूंनी वळसा घालून पाणी येत होतं आणि आम्ही होतो तिथंच एकमेकाला भिडत होतं. मी आयुष्यात साडूला पाण्यात घाबरलेलं पाहिलं नव्हतं. तो वळला. त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. तो माझ्यावर ओरडला, "कोनच्या अंगाला उभा ऱ्हाऊ? सांगा ना, कोनच्या अंगाला?"

मला काय माहीत. मला फक्त त्या म्हाताऱ्याचं वाक्य ऐकू येत होतं.

पुढची लाट मेव्हणीच्या तोंडावरून गेली. ती खाली गेली. पटका असा ताणला की माझ्या तळहाताची सालं निघाली. साडूनं बुडी मारली, तिचा अंबाडा धरून तिला वर ओढलं, ती पुन्हा गेली, त्यानं पुन्हा ओढलं. तिचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती. मी बायकोला दंडाशी धरून उभा होतो. एक पाऊल पुढं टाकलं नाही, मागंही नाही. भीतीनं माणूस लाकूड होतो म्हणतात, तसा मी झालो होतो. गळ्यातला कॅमेरा पाण्यावर तरंगून पुन्हा पुन्हा माझ्या हनुवटीवर आपटत होता.

काठावरचे तीन-चार जण दोर घेऊन धावत आले. त्यांनी आम्हाला ओढून काढलं. त्यांत तो जाळं शिवणारा म्हातारा नव्हता.

मेव्हणीला वाळूत पालथं घातलं. तिच्या नाकातोंडातून पाणी आलं, मग ती खोकली, मग लहान लेकरासारखी रडायला लागली. रिसॉर्टचा मॅनेजर पळत आला. घाबरला होता, म्हणून ओरडत होता. "माणसानं विचारायचं नाही का कुणाला?"

माझी बायको माझ्याकडं पाहून म्हणाली, "अवो, काहून थांबलो आपन तिथं? काहून?"

सगळे माझ्याकडं पाहत होते. मी म्हणालो, "मला काय विचारता? पाण्यातलं यांना कळतं म्हणून मी यांच्यावर सोडलं होतं."

बोट साडूकडं होतं.

त्यानं मेव्हणीचं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यानं वर पाहिलं. तुम्हीच विचारून आला होता, एवढं तो म्हणाला असता तरी पुरे होतं. तो म्हणाला, "व्हय. नजर चुकली माझी."

मेव्हणीनं त्याच्या मांडीवरून डोकं काढलं आणि अक्काच्या कुशीत घातलं.

त्या दिवशी मी डोकं दुखतं म्हणून खोलीत पडून राहिलो. खरं कारण वेगळं होतं. दुपारच्या चहाच्या वेळी खिडकीतून मला तो म्हातारा दिसला. फाटकाशी उभा राहून वॉचमनला विचारत होता, "ती माणसां बरी आसत मा?" त्याच्यापासून दहा पावलांवर पायरीवर साडू बसला होता, गुडघ्यांत मान घालून. म्हाताऱ्यानं त्याला हाक मारली असती, तर संपलं असतं. मी पडद्याचं टोक मुठीत धरून उभा होतो आणि मनात एकच चाललं होतं: जा, जा, जा. वॉचमन काहीतरी बोलला. म्हातारा मान हलवून गेला. दुसऱ्या दिवशी बस होड्यांजवळून निघाली तेव्हा मी खाली वाकून पिशवीत काहीतरी शोधत राहिलो.

घरी आलो. इथंच थांबलो असतो तरी पाप एवढं वाढलं नसतं. पण दुकानात लोक विचारायला लागले, कशी झाली सहल? आणि मी सांगायला लागलो. आधी थोडं, मग रंगवून. पाणी पाहणारे आमचे साडू समुद्रात खुंटी ठोकून बसले, समुद्राचं वरचं अंग शोधत बसले, आणि सगळ्यांना घेऊन बुडायला निघाले. लोक खताच्या पोत्यांवर बसून हसायचे. बाजारच्या दिवशी तर कुणी मुद्दाम दुसऱ्याला घेऊन यायचं, "ती समुद्राची सांगा हो." मी सांगायचो. सांगितल्यावर दोन तास बरं वाटायचं. माझीच खोटी गोष्ट मला खरी वाटायची.

जवळ्याचा बाजार करायला सगळीकडची माणसं येतात. गोष्ट साखऱ्याला पोचायला वेळ लागला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात त्याला पाणी पाहायला कुणी बोलावलं नाही असं ऐकलं. मेव्हणी माहेरी आली की म्हणायची, "पुरे ते पाणी पाहनं. मी पाह्यलं तुमचं पाणी." सगळ्यांसमोर म्हणायची. तो खाली मान घालून भाकरी खायचा.

दोन वर्षांनी ओढ्याला मोठं पाणी आलं. दुपारी उतरायला लागलं. दोन-तीन कळप अलीकडं होते. साडू न बोलावता गेला, खुंटी ठोकली, आभाळ पाहिलं आणि म्हणाला, "आज घालू नका. वर अंधारून आलंय." ही हकिकत मला त्याच्या चुलतभावानं सांगितली. कुणीतरी म्हणालं, "तुमी ऱ्हाऊ द्या मामा. तुमाला समुद्राचं कळतं, वढ्याचं आमाला ठावं." हशा झाला. चुलतभावानं कळप पाण्यात घातला. साडूची मेंढरंही त्याच कळपात होती. साडू पाण्याच्या कडेला आडवा उभा राहिला. मेव्हणी धावत आली आणि तिनं त्याला हाताला धरून बाजूला केलं. कळप मधोमध असताना वरून लोंढा आला. मेंढरं एकामागं एक, एकमेकांना चिकटून गेली. मेंढरं तशीच जातात. माणूस गेला नाही एवढंच. दुसऱ्या दिवशी बाभळींच्या काट्यांत लोकर अडकलेली होती, असं चुलतभाऊ सांगत होता.

"बराबर सांगितलं होतं त्यानं," तो म्हणाला. "पन इस्वास उडालेला मानूस. काय करता?"

मी त्याला चहा पाजला.

उरलेली मेंढरं साडूनं विकली. हिंगोलीच्या एका गोदामावर राखणदार म्हणून राहिला. मी त्या रस्त्यानं जायचं टाळू लागलो. लग्नकार्यात तो दिसला की मी वाढप्यांत घुसायचो. माझी भीती आता पाण्याची राहिली नव्हती. तो कधीतरी शांतपणे विचारेल, "साडूभाऊ, त्या म्हाताऱ्यानं नेमकं काय सांगितलं होतं?" याची भीती वाटायची. पाऊस लागला की जास्त वाटायची. त्यानं कधीच विचारलं नाही.

मग त्याला छातीचं दुखणं लागलं. नांदेडला दाखवलं, परत आणलं. साखऱ्याहून निरोप आला, येऊन जा. मी मनाशी पक्कं करून गेलो. एसटीत सगळं वाक्य जुळवलं होतं: त्या म्हाताऱ्यानं मला अर्धा तास सांगितलं होतं, मी तुमच्याशी खोटं बोललो, नंतर जगाशी बोललो, मला माफ करा. उतरेपर्यंत वीस वेळा म्हणून पाहिलं.

भर दुपार होती. पत्र्याखाली बाजेवर तो पडला होता, अगदी वाळलेला. मेव्हणी उशाशी बसून पदरानं वारा घालत होती. तिनं माझ्यासाठी पाट मांडला आणि चहाला आत गेली. आम्ही दोघंच उरलो. मी म्हणालो, "साडू, ते समुद्राचं..."

त्यानं हात वर केला. बोलायला त्याला तकलीफ होत होती, पण त्याला आधी बोलायचं होतं.

"तेच म्हनायचं राह्यलं होतं, साडूभाऊ. काठच्या मानसाचा शब्द घेतला, ते रीतीनं बराबर. पन ओलं म्या डोळ्यानं पाह्यलं होतं. डोळ्यावर इस्वास न्हाई ठेवला. तुमची बायकू, माझी बायकू, तुमी... समदे गेले असते माझ्यापाई. तुमी दुकानात हसता ते मला ठावं हाय. हसा. तुमचा हक्क हाय." त्यानं दोन्ही हात जोडले. हात उचलवत नव्हते, म्हणून छातीवरच जोडले. "मला माफी करा."

आतून कपबशीचा आवाज आला. मेव्हणी उंबऱ्यात होती. तिनं ऐकलं होतं, आणि ती माझ्याकडं पाहत होती, मी काय म्हणतो ते ऐकायला.

मी त्याचे जोडलेले हात धरले आणि म्हणालो, "जाऊ द्या हो. केलं माफ."

त्याच्या तोंडावर बरं वाटल्यासारखं झालं. मी चहा प्यालो. पाचची एसटी धरली. आठवड्याच्या आत तो गेला.

साडू, त्या म्हाताऱ्याला मी काहीच विचारलं नव्हतं. त्यानंच आपणहून मला सांगितलं होतं, अर्ध्या तासात परत या. तुमची नजर चुकली नव्हती. माफी मी मागायची होती.